दवाखान्यात आलेले डोळे, घरी राहिलेले डोळे

सोमवार हा विदर्भातल्या आमच्या तालुक्याच्या गावचा बाजाराचा दिवस. त्या दिवशी सरकारी रुग्णालयात डोळ्यांच्या ओपीडीपुढचं बाकडं सकाळी नऊलाच भरलेलं असतं, कारण खेड्यांवरून ऑटो आणि काळीपिवळी त्याच दिवशी जास्त सुटतात. भाजी, बियाणं, तेल-मीठ आणि लेकराचा डोळा, सगळं एका खेपेत उरकतं. मी भाचीला दाखवायला गेलो होतो. शेजारी एक ताई दोन लेकरं घेऊन बसल्या होत्या. नऊ-दहा वर्षांचा मुलगा मुठी वळून डोळे चोळत होता, डोळे लालभडक. पाचेक वर्षांची मुलगी आईच्या पदराशी खेळत होती.

"हिचेही डोळे दाखवायचे का?" मी विचारलं.

"नाही जी. घरी कोनी नाही, म्हनून हिलेबी आनलं."

केस पेपर एकच होता, मुलाचा.

रुग्णालयात येणाऱ्या मुलांमध्ये डोळ्यांचे कोणते आजार किती, हे मोजण्याचं काम वैद्यकीय महाविद्यालयांत नेहमी चालतं. पदव्युत्तर विद्यार्थी त्यावर प्रबंध लिहितात. पद्धत साधी असते. वर्ष-दीड वर्षात ओपीडीत आलेली पंधरा-सोळा वर्षांखालची सगळी मुलं नोंदवायची, आजारानुसार वाटणी करायची आणि टक्के काढायचे. आपल्याकडच्या अशा बहुतेक याद्यांत वरची नावं तीच ती असतात: चष्म्याचा नंबर, ॲलर्जी, डोळे येणं. त्यांच्याखाली इजा, तिरळेपणा, जन्मजात दोष. मग हे टक्के बातमीत येतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, आपल्या गावातल्या शंभरातल्या तीस-चाळीस पोरांचे डोळे अधू झाले. तसं नसतं.

कापसाचंच बघा. जानेवारी-फेब्रुवारीत बाजार समितीच्या आवारात उभं राहून कोणी गाडीतली फरदड, म्हणजे हंगामाच्या शेवटी वेचलेला कापूस, पाहिली आणि म्हणाला, "यंदा या गावचा कापूस हलकाच आहे," तर शेतकरी हसेल. पहिल्या-दुसऱ्या वेचणीचा पांढराशुभ्र माल कधीच विकला गेला, काहींनी भाव वाढेल म्हणून घरातच गंजी लावून ठेवला. आवारात आलं ते तेवढंच. रुग्णालयाचे टक्केही असेच, आवारात आलेल्या मालाचे.

आकडे मांडून बघू. हे आकडे मी हिशोबापुरते धरतोय, कुठल्याही तालुक्याचे नाहीत. समजा तालुक्यात पाच ते पंधरा वयाची ३०,००० मुलं आहेत आणि शंभरातल्या चौघांना चष्म्याची गरज आहे. म्हणजे १,२०० मुलं. वर्षभरात डोळ्यांच्या ओपीडीत ९०० मुलं आली, त्यातली ३०० नंबरची निघाली. अभ्यासात लिहिलं जाईल, नंबरचं प्रमाण ३३ टक्के. गावात मात्र ते ४ टक्केच आहे. आणि खरी चिंतेची गोष्ट तर या दोन्ही आकड्यांत दिसतच नाही: गरज असलेली १,२०० मुलं, त्यातली ९०० दवाखान्यात आलीच नाहीत.

आता पुढच्या वर्षी शाळांमध्ये नेत्रतपासणी नीट झाली आणि नंबरची आणखी ४०० मुलं ओपीडीत पाठवली गेली. ओपीडी झाली १,३०० मुलांची, त्यात नंबरची ७००. टक्का ३३ वरून थेट ५४ वर. बातमी येणार, 'ग्रामीण मुलांमध्ये चष्म्याचं प्रमाण वाढलं, मोबाइल जबाबदार.' प्रत्यक्षात एकाही पोराचा डोळा वर्षभरात बिघडलेला नसेल. जी आधी दिसत नव्हती ती दिसायला लागली, इतकंच. मोबाइलची बाजू घ्यायची मला हौस नाही, पण आकड्याचा दोष त्याच्या माथी मारू नये.

मुलं गावात जाऊन, घरोघर मोजली की काय निघतं? भारतातले दोन अभ्यास यासाठी नेहमी सांगितले जातात, दोन्ही २००२ मध्ये प्रसिद्ध झालेले. दिल्ली शहरातल्या पाच ते पंधरा वयाच्या मुलांत लघुदृष्टी, म्हणजे लांबचं धूसर दिसणं, ७.४ टक्के आढळलं. तेव्हाच्या आंध्रातल्या, आताच्या तेलंगणातल्या महबूबनगरच्या खेड्यांत सात ते पंधरा वयात ४.१ टक्के. शहर आणि खेडं यांतला फरक तिथे स्वच्छ दिसतो. आमचा विदर्भ जमिनीनं, कोरडवाहू शेतीनं, उन्हानं दिल्लीपेक्षा महबूबनगरच्या जवळचा, म्हणून मी वर चार टक्के धरले.

मग दवाखान्यात कोण येतं? ज्याला दुखतं, खाजतं, पाणी येतं, लाल दिसतं, तो येतो. शेजारीण येऊन "पोट्ट्याचा डोया पाहा ना कसा झाला" म्हणते, तो येतो. ज्याचा एक डोळा गुपचूप निकामी होत चाललाय पण दुसरा ठणठणीत आहे, तो येत नाही, कारण त्याला स्वतःलाच ते ठाऊक नसतं. त्यामुळे ओपीडीच्या यादीतला क्रम हा तक्रारीचा क्रम असतो. धोक्याचा क्रम वेगळाच असतो, कधी अगदी उलटा.

त्यात हंगामही येतो. जून-जुलैत पेरणी आणि डवरणी, ऑक्टोबरपासून सोयाबीन आणि वेचणी. मजुरीचा दिवस बुडवून लेकराला नेणं त्या महिन्यांत जड जातं, म्हणून तेव्हा फक्त तातडीचंच येतं. अंतरही येतं. धारणीहून अमरावती घाटातून दीडशे किलोमीटरच्या घरात, भामरागडहून गडचिरोली पावणेदोनशेच्या आसपास. तिथून येणारं लेकरू साध्या खाजेसाठी येणार नाही. सेवाग्रामला १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, सावंगीला आहे, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदियालाही आहेत. पण महाविद्यालयाच्या ओपीडीत खालच्या दवाखान्यांनी पुढे पाठवलेले अवघड रुग्ण अधिक असतात, म्हणून तिथल्या यादीत मोतीबिंदू आणि तिरळेपणा जास्त, तर ग्रामीण रुग्णालयाच्या यादीत लाल डोळे जास्त. दोन याद्यांची तुलना करून 'वर्ध्यात तिरळी मुलं जास्त' म्हणणं चूक.

आणि मुलगे-मुली. अशा अभ्यासांत मुलगे बहुधा जास्त असतात. काही अंशी ते खरंच आहे, खाजेची ॲलर्जी आणि खेळताना होणारी इजा मुलग्यांत अधिक. पण चष्म्याचा नंबर काही मुलगा-मुलगी बघून लागत नाही. तिथेही मुलींचे केस पेपर कमी असतील तर ते डोळ्याचं कारण नव्हे, घरातलं आहे. "पोरीले चष्मा लागला तं पाहायले येनारे नाक मुरडतेत," हे मी कानांनी ऐकलंय.

बाकड्यावर परत येऊ. त्या मुलाला जे झालं होतं, ते विदर्भाच्या उन्हाळ्यात डोळ्यांच्या ओपीडीत घाऊक दिसतं. डॉक्टर त्याला 'व्हीकेसी' म्हणतात, आपण ॲलर्जी म्हणू. उष्ण, कोरडी, धुळीची हवा याला मानवते, आणि मार्च ते जून आमच्याकडे दुसरी हवाच नसते. हा आजार साधारण चार-पाच वर्षांच्या वयापासून सुरू होतो, मुलग्यांना जास्त धरतो, बहुतेकांचा वयात येता-येता आपोआप ओसरतो. खाज इतकी की पोरगं अभ्यास सोडून डोळेच चोळत बसतं. उजेड सहन होत नाही, डोळ्यांतून चिकट तार निघते. वरची पापणी उलटवून पाहिली तर आत गुळगुळीत मऊ अस्तराऐवजी फरसबंदीसारखे उंचवटे दिसतात.

हा आजार सहसा नजर घेत नाही. नजर घेतो त्याच्यावरचा चुकीचा इलाज. मेडिकलवर जाऊन 'लाल डोळ्याचे ड्रॉप' मागितले की कितीदा स्टेरॉइडचे थेंब हातात पडतात. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, असली नावं बाटलीवर बारीक अक्षरांत असतात. दोन दिवसांत डोळा पांढरा होतो, खाज थांबते, घरचे खूश. थेंब संपले की खाज परत. पुन्हा तीच बाटली. असं दोन-दोन वर्षं चालतं. स्टेरॉइडच्या थेंबांनी काही मुलांच्या डोळ्यातला दाब वाढतो. तो दुखत नाही, लाल होत नाही, पण आतली नस हळूहळू मारतो. याला काचबिंदू म्हणतात, आणि गेलेली नस परत येत नाही. शिवाय मोतीबिंदूही होऊ शकतो. डॉक्टरसुद्धा कधी स्टेरॉइड देतात, पण मोजके दिवस, दाब तपासून, कमी करत आणत. जुन्या बाटलीला ते मोजमाप नसतं. खाजेसाठी थंड पाण्याच्या पट्ट्या, ॲलर्जीचे बिनस्टेरॉइड थेंब, उन्हात टोपी, आणि चोळायचं नाही, इतकं पुष्कळांना पुरतं. जोरजोरात चोळण्यानं बुबुळाचा आकारही बिघडू शकतो.

डोळे येणं म्हणजे संसर्ग. तो वेगळा, तो साथीनं येतो. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर आलेली साथ आठवत असेल, बुलढाणा जिल्हा तेव्हा आघाडीवर होता. अशी साथ ज्या वर्षी येते, त्या वर्षीचा रुग्णालयाचा अभ्यास 'संसर्ग सर्वाधिक' असं सांगतो. बहुधा आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप बरा होणारा आजार आहे. टॉवेल वेगळा, हात धुणं, बस. रांजणवाडी, नवजात बाळाच्या डोळ्यातून पाणी येणं हेही यादीत बरंच असतं. बाळाचं पाणी बहुधा अश्रूची नळी उघडलेली नसल्यानं येतं, डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे नाकाच्या कोपऱ्याला मालिश केली की दहांतल्या नऊ बाळांचं वर्षाच्या आत थांबतं. काजळ मात्र नको. डोळा त्यानं मोठा होत नाही, आणि काही काजळ-सुरम्यांत शिसं असतं.

इजेबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण इथे आमच्या भागाची खास ओळख दिसते. खर्रा, म्हणजे चुना लावून घोटलेली तंबाखू-सुपारी, खाणाऱ्या घरात चुन्याची पुडी किंवा नळी कुठेही पडलेली असते. पोरगं ती दाबतं, एका बाजूनं बंद असलेली पुडी फुटते आणि चुना थेट डोळ्यात. चुना हा क्षार. आम्लापेक्षा क्षार डोळ्याला घातक, कारण तो पेशींतली चरबी विरघळवत आत-आत शिरतो आणि त्याचे कण पापणीखाली चिकटून काम करत राहतात. अशा वेळी दवाखाना गाठण्याआधी एकच करायचं: लेकराला आडवं पाडून, पापण्या उघड्या धरून, स्वच्छ पाण्याची धार निदान पंधरा-वीस मिनिटं, जमलं तर अर्धा तास. तूप, तेल, आईचं दूध काही नाही. पहिल्या दहा मिनिटांतलं पाणी जे करतं, ते नंतर मोठ्या शहरातल्या मोठ्या डॉक्टरलाही जमत नाही. आणि पुडी उंच फळीवर ठेवता येते, फार अवघड नाही ते.

पऱ्हाटी, तुराटी, धांडा डोळ्यात टोचणं ही दुसरी इजा. जखम बारीक दिसते, पण काडीबरोबर बुरशी आत जाते. आठवडाभरात बुबुळावर पांढरा डाग उमटतो. इथेही मेडिकलवरचा स्टेरॉइडचा थेंब पडला तर बुरशीला रान मोकळं. विटी-दांडू, दसऱ्याचे धनुष्यबाण, दिवाळीचे फटाके, त्या-त्या महिन्यात नोंदवहीत दिसतातच.

आमच्या भाचीचं प्रकरण नंबरचं होतं. ती सहा वर्षांची, फळ्यावरचं लिहून घेताना शेजारणीच्या वहीत बघते अशी बाईंची तक्रार. डॉक्टरांनी मलम दिलं आणि सांगितलं, तीन दिवस डोळ्यात घाला, मग तपासायला या. त्यानंतर पुन्हा दोन-तीन आठवड्यांनी या, मग चष्मा. माझ्या मागे उभे असलेले एक काका पुटपुटले, "एका चष्म्याले तीन चकरा." राग रास्त आहे. तीन चकरा म्हणजे तीन रोज बुडाले आणि भाडं वेगळं. पण कारण समजून घेतलं तर ती टाळाटाळ वाटत नाही.

लहान मुलाच्या डोळ्यातलं भिंग अतिशय लवचीक असतं. बघताना डोळ्याच्या आतला स्नायू आवळला की भिंगाला ताणून धरणारे धागे सैल पडतात, भिंग गोल होतं आणि धूसर चित्र स्वच्छ होतं. मोठ्यांना चाळिशीनंतर हे जमत नाही, म्हणून पेपर लांब धरावा लागतो. मुलं मात्र दहाहून अधिक नंबरची कसर अशी आतल्या आत भरून काढू शकतात. त्यामुळे नुसतं यंत्रासमोर बसवलं तर खरा नंबर लपतो, कधी प्लसचा मायनस वाटतो. मलम त्या स्नायूला काही दिवस झोपवतं, भिंगाला गोल होता येत नाही, आणि डोळ्याचा खरा नंबर बाहेर येतो. मलमाचा असर जायला दोन आठवडे लागतात, त्या काळात जवळचं दिसत नाही, उजेड टोचतो. असर गेल्यावर तोच नंबर लावून मूल आरामात बघतं का, ते शेवटच्या चकरेत ठरतं. बाजारातल्या दुकानात मलमाशिवाय पाच मिनिटांत चष्मा मिळतो, पण लहान मुलाच्या बाबतीत तो कितपत बरोबर, हे तुम्हीच ठरवा.

नंबर लागतो तो का? नवजात बाळाचा डोळा पुढून मागे साधारण १७ मिलिमीटर लांब, मोठ्या माणसाचा २४ च्या आसपास. वाढताना तो मापात राहिला तर चित्र बरोबर पडद्यावर पडतं. एक मिलिमीटर जास्त वाढला तरी सुमारे तीन नंबर मायनस. इतक्या बारीक हिशोबाचं हे काम आहे. उघड्यावरचा उजेड डोळ्याची ही जास्तीची वाढ रोखतो, असं दिसतं. चीनमधल्या ग्वांगझू शहरात काही शाळांनी पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं मैदानात जास्तीची दिली. तीन वर्षांत त्या मुलांपैकी ३०.४ टक्क्यांना लघुदृष्टी लागली, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्क्यांना. खेड्यातल्या पोरांचा नंबर कमी का, याचं थोडंफार उत्तर तिथे असावं. ढोरामागे फिरणाऱ्याला चाळीस मिनिटं मुद्दाम द्यावी लागत नाहीत.

आता यादीत खाली असलेला, पण माझ्या मते सगळ्यात वर लिहायला हवा असा आजार. आळशी डोळा. नाव चुकीचं आहे, आळस डोळ्याचा नसतोच. जन्मतः मेंदूला बघता येत नाही, तो डोळ्यांकडून येणाऱ्या चित्रावर शिकतो. एका डोळ्याला जास्त नंबर असेल, किंवा तो तिरळा असेल, किंवा त्यात मोतीबिंदू असेल, तर त्याच्याकडून धूसर किंवा जुळत नसलेलं चित्र येतं. मेंदू ते टाकून देतो आणि चांगल्या डोळ्यावर काम भागवतो. काही वर्षं असं गेलं की त्या डोळ्याच्या वाट्याची मेंदूतली जागाच दुसऱ्याच्या नावावर होते, शेताच्या वहिवाटीसारखी. डेव्हिड ह्युबेल आणि टोर्स्टन व्हिझेल या शास्त्रज्ञांनी मांजराच्या पिल्लांवर हेच दाखवलं. कोवळ्या वयात काही आठवडे एक डोळा बंद ठेवला, मग उघडला. डोळा शाबूत होता, पण मेंदूतल्या पेशी त्याला दाद देईनात. त्यांच्या या कामाला १९८१ चं नोबेल मिळालं.

सात-आठ वर्षांच्या आत सापडलं तर इलाज स्वस्त आहे. योग्य चष्मा, आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, म्हणजे मेंदूला दुसऱ्याकडे बघावंच लागतं. पुढे जितका उशीर, तितकं हाती कमी लागतं. मोठेपणी चष्मा लावूनही त्या डोळ्याला स्वच्छ दिसत नाही, आणि पोलीस किंवा सैन्यभरतीच्या तपासणीत एक डोळा झाकायला लावतात तेव्हा वीस वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा कळतं की दुसऱ्यानं आपल्याला दिसतच नाही. इकडे भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी पोरं किती, ते सांगायला नको.

तिरळेपणाला आमच्याकडे 'हेकना' म्हणून हसतात किंवा भाग्याचं लक्षण म्हणून सोडून देतात. बाळाचे डोळे तीन-चार महिन्यांपर्यंत अधूनमधून इकडेतिकडे जातात, ते चालतं. नाकाचा बांधा चपटा असल्यानं तिरळं वाटणं, हेही होतं, मूल वाढलं की जातं. पण चार महिन्यांनंतर डोळा खरोखर फिरत असेल तर 'मोठा झाला की सुधारेल' म्हणून वाट पाहण्यात आळशी डोळ्याचं फावतं.

घरी एक करून पाहता येतं. तान्ह्या लेकराला मांडीवर घ्या, समोर काही आवडीचं धरा आणि हातानं एक डोळा झाका. मग दुसरा. एक डोळा झाकल्यावर लेकरू काहीच करत नाही आणि दुसरा झाकला की हात ढकलतं, रडतं, तर त्याला त्या उघड्या राहिलेल्या डोळ्यानं दिसत नसण्याची शक्यता मोठी.

काही मुलं मोजणीत येतात तेव्हा उशीर झालेला असतो. बाहुलीत पांढरी चकाकी हा त्यातला मोठा इशारा. मोबाइलच्या फ्लॅशमध्ये बहुतेकांचे डोळे लाल येतात, एखाद्या लेकराचा एकच डोळा पांढरा चमकत असेल तर त्याच आठवड्यात डोळ्यांचा डॉक्टर गाठायचा. जन्मजात मोतीबिंदू असेल तर पहिल्या दोन-अडीच महिन्यांतली शस्त्रक्रिया आणि दोन वर्षांनंतरची, यात नजरेचा जमीन-अस्मानाचा फरक पडतो. डोळ्याचा कर्करोग असेल, तर प्रश्न नजरेचाही राहत नाही, जिवाचा होतो. गरोदरपणात आईला झालेला रुबेला हे मोतीबिंदूचं एक कारण, २०१७ पासून गोवर-रुबेलाची लस देशभर आणली जाऊ लागली ती यासाठीही.

कमी दिवसांच्या बाळांचं तर निराळंच. पूर्वी ती जगत नसत, आता जिल्हा रुग्णालयांच्या नवजात कक्षात जगतात. त्यांच्या डोळ्यातल्या पडद्याच्या रक्तवाहिन्या अर्धवट असतात आणि वेड्यावाकड्या वाढून पडदा ओढून काढू शकतात. दोन किलोपेक्षा कमी वजनाचं किंवा ३४ आठवड्यांआधी जन्मलेलं बाळ असेल, तर जन्मापासून ३० दिवसांच्या आत पडदा तपासायचा असतो. डिस्चार्ज कार्डावर ते लिहिलेलं असतं, पण 'बाळ वाचलं' या आनंदात ती तारीख निघून जाते. वेळेत लेसर झाला तर नजर वाचते. नाही झाला तर ते मूल ओपीडीच्या यादीत 'अंधत्व' या रकान्यात वर्षभरानं येतं.

रातांधळेपण आता रुग्णालयांच्या यादीत अगदी तळाला असतं. १९७० पासून जीवनसत्त्व 'अ' चे डोस सुरू आहेत, नवव्या महिन्यात गोवराच्या लशीबरोबर एक लाख युनिट, पुढे पाच वर्षांचं होईपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाख. गोवर कमी झाला, त्याचाही वाटा. पण तळाला आहे म्हणून नाही असं समजू नये. मेळघाटातल्या किंवा एटापल्लीकडच्या पाड्यावरचं कुपोषित मूल डोळ्यांच्या ओपीडीत येईपर्यंत बरंच काही होऊन गेलेलं असतं. संध्याकाळी दिवेलागणीला लेकरू ठेचकाळायला लागलं, भांडं चाचपडायला लागलं, की आशाताईला सांगायचं. शेवग्याचा पाला, कोहळं (म्हणजे लाल भोपळा), पपई, पावसाळ्यातला तरोटा, यांत ते जीवनसत्त्व तयार करणारा घटक भरपूर, फक्त भाजीत चमचाभर तेल हवं, कारण तो तेलातच विरघळतो.

यावर तोड म्हणजे दवाखान्यानं गावात जाणं. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ चा, शाळेतली तपासणी आणि मोफत चष्मे त्यातच येतात. २०१३ पासून बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा जाणं अपेक्षित आहे. शाळेतली तपासणी तर शिक्षकही करू शकतात: वऱ्हांड्यात सहा मीटर अंतर टेपनं मोजायचं, वाचता न येणाऱ्यांसाठी इंग्रजी 'ई' सारखी वेगवेगळ्या दिशेनं तोंड केलेली चिन्हं असलेला तक्ता लावायचा आणि एक-एक डोळा वेगळा झाकून बघायचा. ६/१८ असं कागदावर आलं तर अर्थ इतकाच, की चांगल्या नजरेच्या माणसाला जे १८ मीटरवरून दिसतं, ते या मुलाला ६ मीटरवर यावं तेव्हा दिसतं. बोटांच्या फटीतून बघणारी पोरं असतातच. म्हणून तळहात वापरायचा, बोटं नाही.

त्या सोमवारी साडेअकराला मुलाचा नंबर आला. डॉक्टर मॅडमनी त्याची पापणी उलटवली, आईला पिशवीतून बाटली काढायला लावली, बाटलीवरचं बारीक नाव वाचलं आणि ती टेबलाच्या खणात टाकली. "ही परत आणायची नाही, ताई." थेंब लिहून दिले. उठता-उठता मुलगी आईच्या मागून वाकून भिंतीवरचा तक्ता बघत होती, मान एका बाजूला कलती. मॅडम म्हणाल्या, "ये गं, तू पण सांग. या चिन्हाचं तोंड कुठे?" उजव्या डोळ्यानं तिनं शेवटपर्यंत बोटानं दिशा दाखवली. उजवा डोळा झाकला तेव्हा ती वरच्या सगळ्यात मोठ्या चिन्हापाशीच थांबली आणि मॅडमचा हात बाजूला करायला लागली.

"तिचा केस पेपर?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली खिडकीपाशी जाऊन काढून आणला.